हिवाळ्यात चीगाँग करणारं कोणी आहे का? अंगात जीवच राहत नाही

कुडकुड्या:

नमस्कार मंडळी,

दिवस लहान व्हायला लागले की दरवर्षी माझं हेच रडगाणं सुरू होतं. वय ४१, काम बैठं, बाकी तब्येत ठणठणीत म्हणावी अशी. पण थंडी पडली की आठ तास झोपूनही उठताना अंगात शिसं ओतल्यासारखं वाटतं. दुपारी तीनला पापण्या मिटायला लागतात. खांदे कधी कानाला जाऊन टेकतात ते कळतसुद्धा नाही, संध्याकाळी बायको हाताने खाली दाबते तेव्हा समजतं. बोटांचं तर लाकूड होतं.

दोन हिवाळे पहाटे पळायचा नेम केला. दोन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात बुटांसकट गुंडाळून ठेवला.

या वेळी एका सहकाऱ्याने चीगाँगचा, म्हणजे संथ हालचाली आणि श्वासाच्या चिनी व्यायामाचा, व्हिडिओ पाठवला. आठ हालचाली, संथ, पंधरा मिनिटांच्या आत संपणाऱ्या. म्हटलं, हे तरी जमेल. आज नववा दिवस. पाचव्या दिवशी तळहात अक्षरशः गरम झाले, मी खूश. सहाव्या दिवसापासून पुन्हा जैसे थे. काल तर वाकून उठताना डोळ्यांपुढे काजवे चमकले.

तर विचारायचं असं, की मी पहाटे साडेपाचला करतो, ती वेळ बरोबर आहे का? बाहेर करावं की घरात? श्वास नाकाने की तोंडाने? घाम यायला हवा का? मला येत नाही म्हणून मी रोज थोडं अजून खाली बसतो, आता गुडघे बोलायला लागलेत. आणि मुळात याने हिवाळ्यात खरंच तरतरी येते, की प्राणायामच दुसऱ्या नावाने खपवलाय?

पळपुटा:

पांघरुणातून बाहेर न येता करता येईल असा प्रकार असेल तर मलाही कळवा. साडेपाचला उठणाऱ्या माणसाला ऊर्जा कमी पडते हे वाचून माझी होती नव्हती तीही गेली.

टाका_दोरा:

पळपुटा, तुम्ही थट्टेत बोललात, पण अर्धं बरोबर बोललात. का ते सांगते.

मी शिवणकाम करते, एकतीस वर्षं झाली. आखडलेली मान, चढलेले खांदे आणि गारठलेली बोटं या विषयात माझा अधिकार मोठा आहे. थंडीत सुईत दोरा ओवायला चार-चार वेळा प्रयत्न करायला लागायचे, त्या वैतागातून या वाटेला लागले. हा माझा बारावा हिवाळा.

पहिल्या हिवाळ्याचं आधी सांगते, कारण कुडकुड्या, तुम्ही हुबेहूब तेच करताय. माझी समजूत अशी की थंडी जास्त, म्हणजे मेहनत जास्त हवी. पहाटे पाचला अंधारात गच्चीवर जायचे. जितकं खाली बसता येईल तितकं खाली, पाऊण तास. अंगातून वाफा निघायच्या आणि मला वाटायचं, हीच ती ऊर्जा. मग त्याच ओल्या कपड्यांत वाऱ्यात उभी राहून मोठमोठे श्वास घ्यायचे, वर अभिमानही वाटायचा. अठराव्या दिवशी जी सर्दी धरली ती महिनाभर छातीत घर करून होती. उजवा गुडघा कुरकुरायला लागला तो निराळाच. दिवाणावर बसून शिवायचीही चोरी झाली.

ज्यांच्याकडे शिकत होते त्या बाई वयस्कर होत्या, बोलायच्या फार कमी. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "थंडीत दारं-खिडक्या उघड्या टाकून शेगडी पेटवता का?" एवढंच. माझ्या डोक्यात ते शिरायला आठवडा गेला.

चिनी वैद्यकाचा जो जुना ग्रंथ आहे, ह्वांगदी नेइजिंग, दोन हजार वर्षांच्या आसपासचा, त्यात ऋतूंवर एक प्रकरण आहे. हिवाळ्याचे तीन महिने हे मिटून घेण्याचे आणि साठवण्याचे, असं त्यात म्हटलंय. लवकर झोपा, उशिरा उठा, सूर्य वर यायची वाट बघा. ऊब धरून ठेवा, त्वचेतून घाम वाहू देऊ नका. म्हणजे चीगाँग ज्या परंपरेतून आलं तीच परंपरा सांगते की हिवाळ्यात अंधारात उठून घाम गाळू नका. मी नेमकं त्याच्या उलट करत होते, तेही चीगाँगच्या नावाखाली. म्हणून म्हटलं, पळपुटा अर्धे बरोबर. उरलेलं अर्धं म्हणजे सूर्य वर आल्यावर मात्र उठायचं असतं हो!

आता तुमच्या प्रश्नांकडे वळते.

वेळ. साडेपाच सोडा. ऊन किंवा निदान स्वच्छ उजेड आल्यावर करा. मी दहाच्या सुमारास करते, खिडकीतून उन्हाचा पट्टा जमिनीवर पडतो त्यात उभी राहून. नोकरीवाल्यांना दहा जमणार नाहीत, मग दुपारच्या सुटीत करा, पण पोट भरल्या भरल्या नको. वारा असेल तर बाहेर अजिबात नाही. त्या बाई वाऱ्याला सापासारख्या घाबरायच्या.

घाम येता कामा नये. अंग आतून कोमट झालं, कपाळ कोरडं आहे आणि नाक मोकळं झालं, की थांबायचं. "अजून थोडं करावंसं वाटतंय" असं वाटत असतानाच थांबायचं. हे मला सगळ्यात कठीण गेलं.

कपडे भरपूर. मान, कंबर आणि पावलं झाकलेली हवीत. चिनी वैद्यकात हिवाळा मूत्रपिंडांशी जोडलेला आहे (पाणी हे तत्त्व, भीती ही भावना, असं सगळं कोष्टकच आहे), म्हणून कंबर उघडी दिसली की बाई लगेच टोकायच्या. कोष्टक खरं की खोटं ते बाजूला ठेवा, कंबर गार पडली की पाठ आखडते हे कोणीही शिवणवाली सांगेल.

तुम्ही ज्या आठ हालचाली करताय त्यांचं नाव बादुआनजिन. 'जिन' म्हणजे किनखाप, आठ तुकडे किनखापाचे. हे नाव ऐकलं तेव्हाच मी या प्रकाराच्या प्रेमात पडले. किनखाप कधी घाईने कापला आहे का कोणी? कात्री लावायच्या आधी कापड पसरून, हात फिरवून, त्याची वीण कुठे जाते ते बघून मग कापतात. हालचाली तशाच करायच्या आहेत. सगळ्या मिळून साधारण बारा मिनिटं लागतात. तुमच्या पाच-सहा मिनिटांत संपत असतील तर तुम्ही कवायत करताय.

आठही लिहीत बसत नाही, व्हिडिओत आहेतच. हिवाळ्यात ज्यांवर मी वेळ देते त्या सांगते.

पहिली, आकाश उचलायची. बोटं पोटासमोर एकमेकांत गुंफायची, छातीपर्यंत आणायची, तिथे तळवे उलटवायचे आणि वर ढकलायचे. वर गेल्यावर क्षणभर थांबायचं आणि बरगड्यांच्या बाजू लांबताना जाणवतात का बघायचं. इथे बहुतेक जण हातांसोबत खांदेही वर नेतात. तुमचे खांदे आधीच कानाला टेकलेत, म्हणून तुम्ही उलटं करा. तळवे वर जाताहेत आणि खांद्यांची पाती खाली सरकताहेत, दोन्ही एकाच वेळी. पहिले दहा दिवस जमणार नाही. जमलं की मानेत कटकन आवाज येतो आणि घशापर्यंत हवा आत जाते.

दुसरी, धनुष्य ओढायची. दिवसभर पुढे वाकून काम करणाऱ्याची छाती जिथे मिटते, ती इथे उघडते. यात पाय रुंद करून बसायचं असतं, पण खुर्चीवर बसल्यासारखं खोल जायचं कारण नाही. उंच बारस्टूलवर टेकल्याइतकं पुरे. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या दिशेने राहू द्या, आत पडू देऊ नका. तुमचे गुडघे बोलताहेत ते बहुधा याच कारणाने.

पाचवी आणि सहावी, म्हणजे डोकं फिरवत झुलायची आणि पाय धरून वाकायची. तुमचे काजवे इथेच चमकले असणार. महिनाभर अर्ध्यावर करा. डोकं कमरेच्या खाली नेऊ नका आणि उठताना मणका खालून वर, एकेक मणी उचलल्यासारखा उठू द्या. डोकं सगळ्यात शेवटी. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांनी खाली डोकं करून वाकायच्या भानगडीत पडूच नये.

सातवी मुठी आवळून डोळे वटारायची आहे, ती मी घरातलं कोणी बघत नसताना करते.

आणि आठव्या हालचालीआधी माझी एक वाढीव गोष्ट असते. तळहात एकमेकांवर चांगले घासायचे आणि कमरेवर मागच्या बाजूला ठेवायचे. मग तीस-चाळीस वेळा वर-खाली चोळायचं. तुमचे तळहात पाचव्या दिवशी गरम झाले आणि नंतर झाले नाहीत, त्याची चिंता सोडा. गरम होताहेत का, हे बघत बसलं की ते होत नाहीत. दोरा ओवताना भोकाकडे डोळे फाडून बघितलं की हात थरथरतो, तसंच आहे ते.

श्वास नाकाने. आत येतानाही, जातानाही. कोंडायचा नाही. व्हिडिओतला माणूस मोजतो म्हणून तुम्ही मोजू नका, हालचाल श्वासामागे जाऊ द्या.

प्राणायामाशी तुलना करण्याइतकी माझी तिथे गती नाही. एवढं सांगते, की इथे श्वास हा हालचालीचा सोबती आहे, प्रमुख पाहुणा नाही.

शंकासुर:

टाका_दोरा ताई, उत्तम लिहिलंत. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि 'ची' (चिनी परंपरेतली प्राणशक्ती) या शब्दाला बिचकतो, तरी तुमच्या सूचनांमधली एकही माझ्या पेशंटला सांगायला मला अडचण वाटणार नाही. फक्त थोडं पाणी ओततो, या प्रकारावर नाही, त्याच्या जाहिरातीवर.

'पाच हजार वर्षांची विद्या' असं लिहिलेलं दिसलं की सावध व्हा. चीगाँग हा शब्द आज ज्या अर्थाने वापरतात, तो १९५०च्या दशकात चीनमध्ये रूढ झाला. ल्यू ग्वेइजन नावाच्या कार्यकर्त्याने आपलं दुखणं अशा व्यायामाने बरं झाल्याचं सांगितलं, मग सरकारी आरोग्यधामांतून ते शिकवायला लागले. १९८०च्या दशकात तिथे याची लाट आली आणि लाटेसोबत न शिवता आजार बरे करणारे महाभागही आले. सध्या शिकवतात ते बादुआनजिन म्हणजे २००३च्या सुमारास चीनच्या क्रीडा प्रशासनाने प्रमाणित करून काढलेल्या चार प्रकारांपैकी एक.

आता तळहात का गरम होतात? थंडीत शरीर मधल्या भागाची ऊब वाचवतं आणि बोटांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. ताण असला की मज्जातंतू त्या अजून आवळायला सांगतात. श्वास मंदावला, विशेषतः उच्छ्वास लांबला, की हृदयाचे ठोके थोडे उतरतात, ही आवळ सुटते आणि बोटांत रक्त येतं. त्यात मांड्या आणि कुल्हे हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, ते अर्धवट वाकून बारा मिनिटं काम करत असतात. शेगडी तीच. यात गूढ काही नाही, पण गूढ नाही म्हणून खोटंही नाही.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर बरेच अभ्यास लहान आहेत. शिवाय जो करतोय त्याला आपण करतोय हे माहीत असतंच, तेव्हा बरं वाटण्यातला अपेक्षेचा भाग वेगळा काढता येत नाही. चीगाँगचा सख्खा भाऊ ताइची, त्याने वयस्कर लोकांचं पडणं कमी होतं, याला मात्र चांगला आधार आहे.

कुडकुड्या, तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक म्हणजे उजेड. हिवाळ्यात येणाऱ्या औदासीन्याचं वर्णन नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं, त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर बसणं. ऑफिसातला उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणजे तुम्ही साडेपाचच्या अंधारात व्यायाम करून मग दिवसभर ट्यूबलाइटखाली बसलात, तर ज्याची कमतरता होती तेच तुम्हाला मिळालं नाही. ताईंचा उन्हाचा पट्टा मला त्यांच्या मूत्रपिंडांपेक्षा जास्त पटतो.

दुसरं, रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व. दरवर्षी होतं म्हणून ते ऋतूमुळेच असेल असं नाही. आणि मन सलग दोन आठवडे उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर आठ हालचाली करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. थंडीत रक्तदाब चढतो, कोरड्या गार हवेने दमेकऱ्यांची छाती आवळते. छातीत दाब आला तर तिथेच थांबायचं.

टाका_दोरा:

शंकासुर, मूत्रपिंडांवरून चिमटा पोचला. शब्द नवा आहे हे मान्य. हालचाली मात्र जुन्या आहेत. १९७३ मध्ये चीनच्या हूनान प्रांतात, चांगशाजवळ मावांगदुईच्या एका थडग्यात रेशमावर रंगवलेलं एक चित्र सापडलं. थडगं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेलं. तुकडे तुकडे झालेलं रेशीम जोडून काढलं तेव्हा चार ओळींत चव्वेचाळीस माणसं दिसली, बाया, पुरुष, म्हातारे, तरुण, कोणी अंगरख्यात, कोणी कमरेवर उघडे. कोणी हात वर ताणलेत, कोणी वाकलंय, कोणी पक्ष्यासारखे पंख केलेत. मी त्याचं छापील चित्र कपाटाच्या दाराला आतून लावलंय. खरं सांगू? पहिले कितीतरी दिवस मी हालचाली बघतच नव्हते, अंगरख्यांच्या बाह्या कशा बेतल्यात तेच बघत होते. त्या बाह्यांत हात वर जातो, खांदा अडत नाही. आपल्या घट्ट स्वेटरात अडतो. कुडकुड्या, स्वेटर बगलेत सैल घ्या, पहिली हालचाल निम्मी तिथेच सुधारेल.

'ची' मोजता येत नाही म्हणता, तर मी मोजायला जातही नाही. कापडाचा पोत मी बोटांनी ओळखते, त्याला नाव असलं की शिकवायला सोपं जातं, एवढाच त्या शब्दाचा माझ्यापुरता उपयोग.

शंकासुर:

कापडाचा पोत यंत्राने मोजता येतो, ताई. :)

टाका_दोरा:

येत असेल. यंत्राकडून पोलका शिवून घ्या मग.

एकदम_सोळा:

या धाग्यावर माझी एक तक्रारवजा हकीकत नोंदवून ठेवतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. मागच्या हिवाळ्यात मी ऑनलाइन एका वर्गात नाव घातलं. तिथे 'थंडीत आतली आग पेटवा' म्हणून श्वास कोंडून टाळूवर लक्ष ठेवायला सांगायचे, रोज तासभर. पहिला आठवडा अंगात वीज खेळल्यासारखी. तिसऱ्या आठवड्यात डोक्यावर गरम टोपी घातल्यासारखा दाब, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागा, छातीत धडधड. विचारलं तर म्हणाले, शुद्धीकरण होतंय, चालू ठेवा. मी सोडलं. सगळं नीट व्हायला दीड महिना लागला. तेव्हापासून या नावाचीच धास्ती आहे.

टाका_दोरा:

सोडलंत ते फार चांगलं केलंत. 'शुद्धीकरण होतंय, चालू ठेवा' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याच्याकडून कोणीच काही शिकू नये. जुने शिक्षक या दुखण्याला ओळखतात, आणि त्यांचा पहिला उपाय थांबणं हाच असतो. मग काही दिवस नुसतं चालायचं, लक्ष पावलांत ठेवायचं, रोजची कामं करायची. डोक्याकडे लक्ष नेऊन बसायला मला बारा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. बेंबीच्या खाली हात ठेवून श्वासाने ते वर-खाली होतात एवढं जाणवलं की बस्स.

शंकासुर:

पुस्ती जोडतो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४च्या वर्गीकरणात चीगाँगच्या अतिरेकानंतर येणाऱ्या भ्रमाच्या झटक्याची स्वतंत्र नोंद होती. असं क्वचितच घडतं, पण ज्यांना आधी असा काही त्रास झालाय त्यांनी तासन् तास श्वास आणि एकाग्रतेच्या मागे लागू नये. उभ्याने केलेल्या साध्या हालचालींची गोष्ट वेगळी.

कुडकुड्या:

सगळ्यांचे आभार. रक्त तपासायला देऊन आलो. साडेपाचचा गजर काढून टाकला, घरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई, एक राहिलं. दुपारी तीनला झोप येते तेव्हा ऑफिसात करण्यासारखं काही? तिथे धनुष्य ओढलं तर लोक बघतील.

टाका_दोरा:

नुसतं उभं राहा. खरंच. याला उभ्याचा खांब म्हणतात आणि माझ्या मते आठही हालचालींपेक्षा हे अवघड आहे.

पाय खांद्यांइतके लांब, पावलं समांतर. गुडघ्याचं कुलूप काढायचं, म्हणजे वाकवायचा नाही, फक्त ताठ ठेवायचा नाही. शेपटीचं हाड जमिनीकडे लोंबू द्यायचं. घरी असाल तर हात छातीसमोर असे धरायचे की झाडाच्या बुंध्याला मिठी मारलीय पण बुंधा अंगाला लागत नाही. ऑफिसात हात नुसते खाली सोडा, बगलेत एकेक अंडं आहे आणि ते फुटता कामा नये इतकी जागा ठेवून. कोणाला काही कळणार नाही, खिडकीबाहेर बघताय असं वाटेल.

पहिल्या मिनिटात काही होत नाही. दुसऱ्या मिनिटात आपण कुठे कुठे आवळून धरलंय त्याची यादी समोर येते. जबडा, जीभ, पोट, पायाची बोटं. माझी पायाची बोटं वर्षानुवर्षं मशीनच्या पायटीवर असल्यासारखी आवळलेली असायची, मला पत्ताही नव्हता. प्रत्येक उच्छ्वासाला यादीतलं एक सोडायचं. तिसऱ्या मिनिटात मांड्या थरथरायला लागतात, त्याला घाबरायचं नाही, पण सहनही करत बसायचं नाही. थोडं उंच व्हायचं. सुरुवातीला तीन मिनिटं रग्गड झाली. मी आठपर्यंत पोचायला दोन हिवाळे घेतले आणि तिथेच राहिले.

तीनची झोप याने जाईल असं आश्वासन देत नाही. माझी दुपारची झोप गेलेली नाही. मात्र आखडून बसण्यात दिवसभर जेवढी ताकद जाते ती जायची थांबली, आणि संध्याकाळी हातात काहीतरी शिल्लक राहायला लागलं. हिवाळ्यात मला चीगाँगने नवीन ऊर्जा दिली असं मी कधीच म्हणत नाही. गळती कुठे होती ते दाखवलं.

थंडीतलं अजून एक, झोपण्याआधीचं. सहा अक्षरांवर श्वास सोडायचा एक जुना प्रकार आहे, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताओ होंगजिंग या वैद्याने तो नोंदवून ठेवलाय. त्यातलं मूत्रपिंडांचं, म्हणजे हिवाळ्याचं, अक्षर 'छ्वेइ'. अर्थच मुळी फुंकणं. ओठांतून हलकेच, दिवा न विझवता ज्योत नुसती हलवावी इतकं, लांब सोडत जायचं. सहा वेळा. शंकासुर म्हणतील, लांब उच्छ्वास आहे. हो, आहे.

पळपुटा, हे पांघरुणात पडून करता येतं.

पळपुटा:

ताई, तुमचे उपकार या जन्मात फिटणार नाहीत. सहाव्या फुंकरीच्या आत झोप लागते, त्यामुळे पुढचं काही सांगता येत नाही.

कुडकुड्या:

तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय.

रक्ताचा अहवाल आला. ड जीवनसत्त्व चांगलंच कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. त्यामुळे आता जे बरं वाटतंय ते कशाने, हे शंकासुरांना सांगता येणार नाही. दुपारी एकला जिन्याच्या मोठ्या खिडकीपाशी बारा मिनिटं करतो. एकवीस दिवसांतले सतरा दिवस झाले. चार दिवस बुडाले, त्यातले दोन निव्वळ आळसाने.

गुडघे गप्प आहेत. काजवे नाहीत. तीनला झोप येतेच, पण पूर्वी डोकं टेबलावर पडायचं, आता जांभईवर भागतं. बोटं गारच असतात, ताई, त्याबाबतीत तुमच्या 'बघू नका'चं पालन अजून जमलेलं नाही. खांद्यांचं मात्र नवल वाटलं. परवा बायकोने दाबायला हात ठेवला आणि म्हणाली, आज आधीच खाली आहेत.

सुटीच्या दिवशी घरी करतो, तिथे एक भानगड झाली. आठव्या हालचालीत सात वेळा टाचा उचलून खाली सोडायच्या असतात ना? रविवारी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. म्हणाले, दर सुटीला बरोबर सात वेळा काय आपटता?

टाका_दोरा:

टाचा आपटायच्या नाहीत हो! उचलताना डोक्याला वरून कोणी दोऱ्याने ओढतंय असं वर जायचं, क्षणभर तोल सांभाळायचा. उतरताना अर्ध्यापर्यंत अगदी सावकाश यायचं आणि शेवटचं बोटभर अंतर फक्त सोडून द्यायचं. दात किंचित मिटलेले, गुडघे मोकळे. हिसका टाचेतून मणक्यात वर गेला पाहिजे, खाली काकांच्या छतात नाही. आवाज येतोय म्हणजे तुम्ही वरूनच सोडून देताय आणि हिसका सगळा जमिनीत जातोय.

तोवर पायाखाली जाड सतरंजी घाला. मऊ गादी नको, तोल जाईल. आणि काकांचे खांदे कुठे असतात ते जरा बघून ठेवा.